फोटो बंबात घालून अभ्यास वाढत नाही

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगा दहावीला. सराव परीक्षेत 71 टक्के, गणितात 80 पैकी 43. डोक्यात फक्त फुटबॉल. स्वतः खेळत असता तर एक वेळ समजून घेतलं असतं, मीही कॉलेजात असताना पेठेच्या टीमसाठी शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. पण हा मैदानावर जातच नाही. रात्री मोबाईलवर मॅच बघतो आणि वहीत काहीबाही लिहितो. खोलीत भिंतभर फोटो होते. मेस्सी आम्हालाही माहीत आहे, पण सगळ्यात मोठा फोटो स्पेनच्या कुठल्याशा सांती काझोर्लाचा, चाळिशी ओलांडलेला माणूस. डिसेंबरात मी सगळे फोटो काढून बंबात घातले आणि तिथे डॉ. कलाम आणि एका आयपीएस अधिकाऱ्यांचा फोटो लावला. वही मिसेसनी लपवली म्हणून राहिली. चाळून बघितली तर कोणाला कुठली दुखापत झाली, किती महिने बाहेर होता, कधी परत आला, एवढंच. तेव्हापासून मुलगा शांत आहे. वाद घालत नाही, मोबाईल मागत नाही, जेवून खोलीत जातो. ही सुधारणा समजावी का? अकरावी-बारावी आणि जेईईच्या इंटिग्रेटेड कोर्सला पुण्यात नाव घातलं आहे, फी भरायची बाकी आहे. हे खूळ कायमचं कसं काढावं? आणि जून-जुलैमध्ये वर्ल्ड कप आहे, तेव्हा काय करावं?

उत्तर : टक्क्यांचं नंतर बघू. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले, ते म्हणजे ‘तेव्हापासून मुलगा शांत आहे.’ ही सुधारणा समजावी का, असं तुम्ही विचारता. अजिबात समजू नका. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बापाशी वाद घालायचं सोडून देतो, मोबाईलसुद्धा मागत नाही, ताट संपवून मुकाट्याने खोलीत जातो, तेव्हा त्याने घरात बोलायचं बंद केलेलं असतं. ‘यांना सांगून उपयोग नाही’ हे त्याचं ठरलेलं असतं. दहावीचं वर्ष, बोर्डाची परीक्षा जवळ, आणि घरातला एक माणूस मनाने घराबाहेर पडलाय. या क्षणी मला त्याच्या करिअरपेक्षा याची काळजी जास्त आहे.

‘बंबात घातले’ हे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. फोटो उतरवून कपाटात ठेवले असते तर ती शिस्त झाली असती. जाळणं ही शिस्त नव्हे. ज्या मुलाने महिनोन् महिने पेपरांतून कात्रणं कापून, कडा सरळ करून, चिकटपट्टीने ती भिंत भरली होती, तो त्या सकाळी त्याच बंबाच्या पाण्याने आंघोळ करून शाळेत गेला असणार. हे जरा डोळ्यांसमोर आणून बघा. तुमचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्याच्या मार्कांची धास्ती होती. पण त्याला त्यातून कळलं ते एवढंच की आपल्याला जे आवडतं ते या घरात कधीही चुलीत जाऊ शकतं.

तेव्हा पहिलं काम तुमचं आहे. त्याच्या खोलीत जा आणि ‘फोटो जाळले हे माझं चुकलं’ असं स्वतःच्या तोंडाने सांगा. आईकडून निरोप नको, आणि त्या वाक्याला ‘पण तूसुद्धा...’ अशी शेपूट नको. तो लगेच बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याची झोप, जेवण, मित्रांशी येणं-जाणं यावर लक्ष ठेवा. येत्या दोनेक आठवड्यांत तो मोकळा झाला नाही, किंवा ‘जगून काय उपयोग’ असलं काही एकदा जरी बोलला, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फोन कधीही लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. पालकांनीही त्यावर फोन करायला हरकत नाही.

आता तुमचा मूळ गैरसमज. मुलगा ज्याचा फोटो लावतो तोच त्याला व्हायचं असतं, असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून ‘खेळत असता तर समजलं असतं’ असं लिहिता, आणि खेळत नाही म्हटल्यावर हे सगळं तुम्हाला खूळ वाटतं. मी इतकी वर्षं पालकांशी बोलते आहे, आणि हा घोटाळा जवळजवळ प्रत्येक घरात आहे. मुलगी एखाद्या गायिकेची भक्त झाली की घरचे घाबरतात की ही आता गाणंच करणार. मुलाने सैनिकाचा फोटो लावला की लगेच भरतीपूर्व अकादमीची चौकशी. पण हिरो म्हणजे करिअरचा अर्ज नाही. या वयात मुलगा हिरोच्या आधाराने एकच प्रश्न सोडवत असतो : माणसाने वागावं कसं? हरल्यावर काय करायचं, अंगात एखादी उणीव असली तर काय करायचं, लोक हसले तर काय करायचं. हे प्रश्न तो तुम्हाला विचारायला लाजतो, म्हणून ते भिंतीवरच्या माणसाला विचारतो. तुम्ही शाहू स्टेडियमच्या कठड्यावर बसून पेठेच्या ज्या खेळाडूसाठी घसा फोडलात, त्याच्यासारखे तुम्ही फुटबॉलपटू झालात का? दुकान थाटलंत. पण पेठेसाठी एकत्र उभं राहणं, सामना हातातून गेला तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत जागा न सोडणं, हे तुमच्यात कुठून आलं याचा विचार करा. तुमच्या वडिलांनी तेव्हा काय केलं होतं, तेही आठवून बघा.

हा सांती काझोर्ला कोण, हे तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का? मी सांगते, कारण त्या फोटोत बरंच काही दडलं आहे.

काझोर्ला स्पेनच्या ओव्हिएडोच्या क्लबमध्ये लहानाचा मोठा झाला. बेताच्या उंचीचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, दोन्ही पायांनी सारखाच सफाईदार. 2008 आणि 2012 मध्ये युरोपचं अजिंक्यपद जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात होता. मधला 2010 चा वर्ल्ड कप स्पेनने जिंकला, पण दुखापतीमुळे हा त्या संघात नव्हता. ऑक्टोबर 2016 मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबकडून खेळताना घोटा गेला. शस्त्रक्रिया झाली, जखमेत जंतुसंसर्ग झाला, मग शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. टाचेमागचा स्नायूबंध जंतूंनी सुमारे 8 सेंटिमीटर खाऊन टाकला होता. मुलाला घेऊन बागेत चालता आलं तरी समाधान मान, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. घोट्यावर लावायला त्याच्या हाताची कातडी काढली. त्या हातावर त्याच्या मुलीचं नाव गोंदलेलं होतं, त्यातला काही भाग आज त्याच्या घोट्यावर आहे. मुलीचं नाव इंडिया. तुमच्या मुलाला हे नक्की माहीत असणार.

हा माणूस 2018 मध्ये पुन्हा मैदानात उतरला आणि 2019 मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय संघातून खेळला. 2023 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, नियमाने देता येईल तेवढं किमान वेतन घेऊन तो आपल्या ओव्हिएडोला परत गेला. हाच क्लब 2012 मध्ये पैशांअभावी बुडायला आला होता, तेव्हा शेअर विकत घेऊन त्याला हातभार लावणाऱ्यांत काझोर्ला होता. 2025 मध्ये ओव्हिएडो 24 वर्षांनी स्पेनच्या पहिल्या श्रेणीत परतलं, आणि त्या संघात चाळिशीचा काझोर्ला होता. तुमच्या मुलाने जगभरच्या खेळाडूंतून सगळ्यात मोठा फोटो याचा लावला. गाड्या, बंगले, टॅटू मिरवणारे कमी आहेत का? त्याने निवडला तो मोडून पुन्हा उभा राहिलेला माणूस. मुलाच्या निवडीवर मी इतकी खूश क्वचित होते.

मेस्सीचंही तसंच. रोसारिओचा हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना त्याच्या शरीरात वाढीच्या हार्मोनची कमतरता असल्याचं कळलं. रोज रात्री स्वतःच्या पायात स्वतः सुई टोचून घ्यायचा. उपचार घरच्यांना परवडेनात, तेव्हा 13 व्या वर्षी अर्जेंटिना सोडून बार्सिलोनाला गेला, कारण तो क्लब खर्च उचलायला तयार झाला. 2014 च्या वर्ल्ड कपची फायनल हरला, मग 2015 आणि 2016 मध्ये कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेच्या दोन्ही फायनल हरला, देशाकडून खेळणं सोडतो म्हणाला, परत आला आणि 2022 मध्ये कतारला वर्ल्ड कप उचलला. याच मेस्सीला 2016 मध्ये करचुकवेगिरीच्या खटल्यात स्पेनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, हेही खरं आहे. मुलाशी त्यावरही जरूर बोला. हिरो धुतल्या तांदळासारखा असायलाच हवा असं काही नाही. आवडत्या माणसाची चूक दिसणं आणि तरी त्याच्यातलं चांगलं वेचता येणं, हे या वयात शिकायलाच हवं. पण हे बोलणं त्याच्यासोबत बसून व्हायला हवं, ‘बघ तुझा मेस्सी!’ असं हिणवून नव्हे.

राहिला कलामसाहेबांचा फोटो. कलामसाहेबांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, म्हणूनच तो फोटो तूर्त तिथून उतरवा अशी विनंती करते. राखेवर लावलेला फोटो मुलाला पहारेकऱ्यासारखा वाटतो. उद्या त्याला कलामांची गोष्ट सांगा. त्यांना वायुसेनेत वैमानिक व्हायचं होतं, डेहराडूनला निवडीत ते नववे आले आणि जागा आठ होत्या. काझोर्ला आवडणाऱ्या मुलाला हे कलाम आपोआप आवडतील. पण हिरो नेमून देता येत नाही. तो ज्याचा त्याला सापडावा लागतो.

आता ती वही. कोण जखमी झालं, किती महिने बाहेर होता, कधी परत आला, ‘एवढंच’ असं तुम्ही लिहिलंय. अहो, त्यात गोल नाहीत, पगार नाहीत, ट्रॉफ्या नाहीत. फुटबॉलवेड्या मुलांच्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांत हेच सगळं भरलेलं असतं. तुमच्या मुलाला शरीर मोडतं कसं आणि जुळतं कसं याचं कुतूहल दिसतंय. दिसतंय एवढंच म्हणते. खात्री त्याच्याशी बोलल्याशिवाय देता येणार नाही. कदाचित त्याला माणसांच्या गोष्टींत रस असेल, कदाचित नोंदी ठेवण्यात. हे वाचून लगेच ‘चला, फिजिओथेरपीला घालू’ असं ठरवू नका. जाळणं जितकं वाईट, तितकंच त्याच्या आवडीला उद्यापासून क्लास लावणंही वाईट. वही त्याला परत द्या, न मागता, आणि त्यातलं एखादं पान समजावून सांग म्हणून त्याच्याशेजारी बसा. दुकानाच्या गडबडीत नको, रात्रीच्या जेवणानंतर.

मात्र एक व्यावहारिक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या, कारण फी भरायच्या आधी ती कळायला हवी. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीला नीटमधून प्रवेश होतो, म्हणजे अकरावी-बारावीला जीवशास्त्र लागतं. जेईईच्या इंटिग्रेटेड कोर्समध्ये जीवशास्त्राला साधारणपणे फाटा दिलेला असतो. वहीतली आवड खरी निघाली, तर तिचं दार तुम्ही कैक हजार किंवा लाख रुपये मोजून बंद करणार आहात. आणि ज्याला दहावीच्या गणितात 80 पैकी 43 पडतात, त्याला जिचा मोठा भार गणितावर आहे अशा परीक्षेला दोन वर्षं जुंपायचं, घरापासून लांब, तेही आत्ताच्या या मनःस्थितीत? मी स्पष्ट नाही म्हणते. फी भरू नका. कोल्हापुरातच चांगल्या ज्युनियर कॉलेजला विज्ञान घेऊ दे. झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, नाही झेपलं तर निर्णय त्याच्याबरोबर बसून घ्या. जेईई, नीट, सीईटी, डिप्लोमा यांची माहिती कुठल्याही समुपदेशकाकडे मिळते, त्यावर मी इथे जागा घालवत नाही.

‘खेळत असता तर’ याबद्दलही दोन शब्द. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. तो शाळकरी वयातच राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. सोळाव्या वर्षी सुरुवात करून व्यावसायिक खेळाडू होणं जवळपास अशक्य आहे, आणि आपल्या देशात 2025 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा मोसमच लांबणीवर पडला तेव्हा करार असलेल्या खेळाडूंचीही झोप उडाली होती. तुमचा मुलगा खेळाडू व्हायला निघालेला नाही, याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. संध्याकाळी अर्धा तास मित्रांबरोबर चेंडू मारायला मात्र त्याला पाठवा. परीक्षेच्या काळातसुद्धा.

गणितासाठी दहावीपुरतं सांगते : भूमितीतली प्रमेयं आणि बीजगणितातली नेहमी येणारी गणितं रोज ठरावीक वेळ, शाळेतल्याच शिक्षकांकडून. नवा क्लास आता लावू नका.

2026 चा वर्ल्ड कप 11 जूनला सुरू होतो, तोवर दहावी संपलेली असेल. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत असल्यामुळे आपल्याकडे बरेचसे रात्री उशिरा नाहीतर पहाटे दिसतील. कोल्हापुरात तेव्हा चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागलेले असतील, तुमच्या पेठेतही. केबल तोडायचा विचार मनात असेल तर सोडा. अर्जेंटिनाचे सामने त्याच्याबरोबर बसून बघा. कोण कुठे खेळतो, कोण दुखापतीतून परत आलाय, हे त्याला विचारा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं हे मान्य करायला कमीपणा वाटू देऊ नका.

बोर्डाची परीक्षा झाली की मला पुन्हा लिहा. पण ते पत्र त्याने लिहिलेलं असू दे, आणि पाठवण्याआधी तुम्ही वाचून बघू नका.