डीपीपी-४ हे एन्झाइम पेशीच्या पृष्ठभागावर काय करतं? जीनची अभिव्यक्ती मोजून त्याची क्रिया कळते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. आरटी-पीसीआरवरून (पेशीतला आरएनए मोजणारी चाचणी) जीन किती चालू आहे ते कळतं, एन्झाइम किती कापतंय ते नाही.

डीपीपी-४ पेप्टाइडच्या सुरुवातीची दोन अमिनो आम्लं जोडीनं तोडतं. दुसऱ्या जागी प्रोलीन किंवा अ‍ॅलनीन असलं की त्याचं काम सोपं होतं. जीएलपी-१ हे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं हॉर्मोन हिस्टिडीन-अ‍ॅलनीननं सुरू होतं. ती जोडी गेली की ते जवळजवळ निकामी होतं, म्हणून रक्तात त्याचं अर्धायुष्य जेमतेम १ ते २ मिनिटं असतं. जीएलपी-१ सारखं काम करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधात नेमकं हेच अ‍ॅलनीन बदललेलं आहे. सिटाग्लिप्टिन हे मधुमेहाचं औषध उलट बाजूनं काम करतं, एन्झाइमलाच अडवतं.

जीन २ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, प्रथिन ७६६ अमिनो आम्लांचं. पहिली ६ पेशीच्या आत, पुढची २२ पटलात आणि बाकी सगळं बाहेर. हा बाहेरचा भाग सुटून प्लाझ्मात फिरतो आणि तिथेही कापत राहतो. पेशीतल्या आरएनएवरून त्याचा अंदाज कसा येणार?

क्रिया मोजायला ग्लायसिन-प्रोलीन-पॅरानायट्रोअ‍ॅनिलाइड वापरा; हा एन्झाइमला कापायला दिलेला पदार्थ (सब्स्ट्रेट), तो कापला की पिवळा रंग सुटतो. पीएच ८ च्या आसपास, ३७ अंश सेल्सिअस, ४०५ नॅनोमीटरवर वाढता पिवळा रंग वाचा आणि सुरुवातीचा सरळ रेषेतला उतारच धरा. हिमोलायसिस झालेला (तांबड्या पेशी फुटलेला) नमुना टाकून द्या, कारण हिमोग्लोबिन त्याच भागात प्रकाश शोषतं.

सगळ्यात जास्त घोळ लायसेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून केलेल्या द्रावणात होतो. पेशीच्या आतली डीपीपी-८ आणि डीपीपी-९ ही भावंडं-एन्झाइम्स हाच सब्स्ट्रेट कापतात, त्यामुळे आकडा फुगतो. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक विहीर (चाचणीच्या प्लेटमधला खळगा) सिटाग्लिप्टिन घालून लावाच. दोन्हींतला फरक म्हणजे डीपीपी-४. जमत असेल तर अख्ख्या, जिवंत पेशींवरच मोजा.

जीएलपी-१ मोजायचं असेल, तर रक्त घेतल्याक्षणी नळीत डीपीपी-४ चं इनहिबिटर (त्याला अडवणारं रसायन) हवं आणि नळी बर्फात. रक्त गोठू नये म्हणून नळीत असतं ते नुसतं ईडीटीए पुरत नाही: ते धातू पकडतं, पण हे एन्झाइम ६३० व्या सेरीनच्या बळावर कापतं.

मर्स या श्वसनाच्या आजाराच्या कोरोनाविषाणूसाठी मात्र हिशेब वेगळा. तो या प्रथिनाला फक्त चिकटतो, कापण्याशी त्याला देणंघेणं नाही. सिटाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन औषधांनी त्याचा शिरकाव थांबत नाही, हे २०१३ मध्येच दिसलं. तुमचा प्रश्न तसा असेल, तर क्रिया मोजू नका. सीडी२६ ची (हे डीपीपी-४ चंच दुसरं नाव) अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून सोडून, पृष्ठभागावरचं प्रथिनच मोजा.