कमी युनिटांचा मोठेपणा नको

बाळा,

तुझा मेसेज वाचला. दंडावरच्या शुगर-सेन्सरचा ग्राफ पाठवलास, रेघ कशी सरळ, ८५ ते ११०. खाली लिहिलंयस, "मावशी, शुगर एक नंबर आहे, पण चार महिन्यांत ६१ वरून ५४ किलोवर आलो. आई रोज रडते. तूप वाढवलं तरी वजन थांबेना. लो कार्ब सोडू का?" आणि सगळ्यात शेवटी, शाबासकी मिळेल म्हणून, "इन्सुलिन मात्र दिवसाला ४४ युनिटांवरून १६ वर आणलं!"

ते उद्गारचिन्ह बघून माझं डोकं फिरलं.

लो कार्ब, म्हणजे भाकरी-भात-पोहे कापून जेवणं, धरायचं की सोडायचं हे नंतर बघू. पहिले दीड-दोन किलो तसेही पाण्याचे असतात. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर उतरते, तिनं धरून ठेवलेलं पाणी तिच्याबरोबर जातं. त्याचं काही नाही. पण पुढचे पाच किलो कुठून गेले? तुझ्या दंडातून आणि मांड्यांतून. आपल्या टाइप वन डायबेटिसमध्ये शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, आणि ते नुसतं साखर उतरवायचं औषध नाही. प्रथिनं स्नायूंत जायची तर तेच लागतं, चरबी साठायची तर तेच. ते कमी पडलं की शरीर स्वतःलाच मोडून खायला लागतं. निदान झालं तेव्हा तू कसा वाळून कोळ झाला होतास, आठवतंय ना? आत्ता तेच चाललंय, फक्त सावकाश.

"पण शुगर तर नॉर्मल आहे" असं म्हणशील. असणारच! खातच नाहीस तर वाढणार कुठून? १९२२ च्या जानेवारीत टोरंटोला पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचलं. त्याआधी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची पद्धत चालायची. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग मोजूनमापून चार घास, साखर दिसली की पुन्हा उपास. लघवी स्वच्छ यायची आणि पेशंट खंगत जायचे. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. अकराव्या वर्षी डायबेटिस झाला आणि या उपासमारीवर तिनं तीन वर्षं काढली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती इन्सुलिन शोधणाऱ्या डॉ. बँटिंगकडे पोचली तेव्हा पंधरा वर्षांच्या पोरीचं वजन जेमतेम २० किलो होतं. इन्सुलिन मिळालं, पोटभर खायला मिळालं, आणि ती बाई १९८१ पर्यंत जगली. ॲलननं त्या पोरांना जगवलं ते इन्सुलिन नव्हतं म्हणून, त्यांचा नाइलाज होता. तुझ्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे, तू कशाला त्या काळात जाऊन बसतोस?

खा, आणि खाल्लेल्याला इन्सुलिन दे. आज मी हे दहा वेळा सांगणार आहे.

तुझ्या ताटाचा हिशेब मी इथे बसून केला. आधी दिवसाला चार भाकऱ्या खायचास. मध्यम भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर एकीच्या १७० कॅलरी आणि कार्ब ३४ ग्रॅम. शिवाय दोन वेळचा भात, सकाळचे पोहे. सगळं मिळून हजार-बाराशे कॅलरी ताटातून उठल्या. त्यांच्या जागी काय आलं? दोन अंडी, काकडी आणि भाजीवर एक मोठा चमचा तूप. एका अंड्यात ७०, तेवढ्या तुपात सव्वाशे. झाले पावणेतीनशे-तीनशे. उरलेलं कुठाय? काढलेल्याच्या जागी काही ठेवायचं असतं रे. सोलापुरात राहतोस आणि शेंगाचटणी चिमटीनं वाढून घेतोस! ५० ग्रॅम शेंगदाण्यात २८० कॅलरी, साडेबारा ग्रॅम प्रथिनं आणि कार्ब जेमतेम आठ. चटणी वाटीनं घे, वर तेल घाल. कारळ्याची घे, जवसाची घे. सायीचं दही फडक्यात बांध आणि चक्का खा. मटणाचा रस्सा नुसता पिऊ नकोस, फोडी खा. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीच्या तपासण्या, ठीक असतील तर किलोमागे दीड ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुझ्या आधीच्या ६१ किलोंना दिवसाला नव्वदच्या आसपास लागतील. आज तू चाळीसवरसुद्धा नसशील.

का नाहीस, तेही तुझ्याच मेसेजात आहे. मधेच एक ओळ टाकलीयस, "पनीर खाल्लं की रात्री दीडला १९० होते, म्हणून पनीर बंद केलं. चिकनचंही तसंच, तेही अर्धं केलं." खरी गोम इथे आहे. भाकरी उठली की शरीर प्रथिनांतून साखर करतं, आणि ती हळूहळू, तीन-चार-पाच तासांनी चढते. तू नऊला जेवतोस, अकराला १०५ बघतोस, खूश होऊन झोपतोस आणि दीडला सेन्सर बोंबलतो. मग दुसऱ्या दिवशी तू काय करतोस? जेवण कापतोस. युनिट वाढवायच्या ऐवजी पनीर कापतोस! असं एकेक कापत कापत सात किलो गेले. पनीरचा काय गुन्हा? त्याला इन्सुलिन मिळालंच नाही. शून्य कार्ब म्हणजे शून्य युनिट, हे डोक्यातून काढ.

आता काम सांगते. एकच जेवण ठरव, समजा १५० ग्रॅम पनीर, पालेभाजी आणि चटणी. तेच तीन रात्री जेव. दोन, तीन, चार, पाच तासांनी आकडे वहीत लिही. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचार की प्रथिनांचा डोस कसा बसवायचा. तुझं पेनमधलं रॅपिड, म्हणजे जेवणाचं झटपट इन्सुलिन, तीन-चार तासांत संपतं, पनीर तेव्हा कुठे रंगात येतं. कुणाला डोस दोन भागांत घेऊन जमतं. कुणाला जुनं साधं रेग्युलर बरं पडतं, कारण ते सहा-आठ तास चालतं. डॉक्टर रेग्युलरची बाटली देतील तर ती ४० ची आहे का १०० ची, म्हणजे एका मिलीत किती युनिटं, हे वाचून घे. ४० च्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० ची असते, तिथं गफलत झाली तर डोस अडीचपटीनं चुकतो. बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं संथ इन्सुलिन, किती कापलंयस तेही त्यांना खरं सांग. आणि हे वाचून आज रात्री स्वतःच्या मनानं युनिटं चढवू नकोस, रात्रीचा हायपो, शुगर एकदम खाली जाणं, मी पुरेसा बघितलाय.

अंघोळीला गेलास की साबणाचा हात पोटावर फिरव, बेंबीच्या दोन्ही बाजूंना. कुठं टणक, रबरी, फुगीर लागलं तर तिथं सुई बंद. एकाच जागी टोचून गाठी होतात आणि तिथलं इन्सुलिन कधी अर्धं लागतं, कधी सगळं एकदम. मग डोस चुकला की जागा, तेच कळत नाही.

टीटीजी आणि टीएसएच या दोन तपासण्याही करून घे. पहिली सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराची, दुसरी थायरॉईडची. आपल्यासारख्या टाइप वनवाल्यांना हे दोन्ही जास्त होतात, दोन्हींत वजन उतरू शकतं.

तुला वाटत असेल, मावशी आता भाकरी खा म्हणणार. नाही म्हणणार. मला काय कमी ऐकावं लागलं? लग्नाच्या पंगतीत "एका जिलेबीनं काय होतंय" म्हणणाऱ्या जावा, "नवऱ्यापेक्षा वेगळं जेवते" म्हणणाऱ्या सासूबाई. एका आहारतज्ज्ञबाईंनी तर सांगितलं, कार्ब नाही तर मेंदू चालणार नाही. माझ्या मेंदूनं निवृत्तीपर्यंत बँकेची लेजरं जुळवली, पैशाचाही फरक न येता. घरी मी डॉ. रिचर्ड बर्नस्टाईन यांचं नाव पुढे करायची. मूळचे इंजिनिअर, १९४६ साली बाराव्या वर्षी टाइप वन झाला. १९६९ साली ग्लुकोमीटर फक्त डॉक्टरांना विकायचे, म्हणून डॉक्टर बायकोच्या नावावर घेतला. पुढे स्वतःच डॉक्टर झाले, दिवसाला ३० ग्रॅम कार्बवर राहिले आणि २०२५ मध्ये नव्वदीत गेले. २०१८ च्या 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकातल्या पाहणीत अशा लो कार्बवर राहणाऱ्या ३१६ टाइप वन जणांचा सरासरी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.६७ टक्के निघाला. निवडक, हौशी लोकांची पाहणी होती, मान्य. पण त्यातली मंडळी प्रथिनांवर जगत होती, काकडीवर नाही!

खंत एवढीच की माझी विशी-पंचविशी घड्याळाला बांधलेली गेली. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन टोचायचं, मग भूक असो नसो, ठरल्या वेळी खायचंच. मी इन्सुलिनच्या मागे धावत होते. तुझ्या हातात पेन आहे, दंडावर सेन्सर आहे, खाण्याच्या मागे इन्सुलिनला धाववायची सोय आहे, आणि तू उपाशी बसतोस. म्हणून एवढी चिडले. उद्या भाकरी परत आणलीस तरी मला राग नाही. उपाशी राहिलास तर आहे.

कीटोनचं मशीन घे. शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात कीटोन उतरतात. लो कार्बवर ०.५ किंवा १ दिसलं तर दचकू नकोस. पण मळमळ, उलटी, धाप आणि कीटोन चढते असतील तर शुगर १८० का असेना, सरळ हॉस्पिटल गाठ. शुगर कमी आहे म्हणून घरी थांबायचं नाही. कीटोन साचून रक्त आम्लारी होणं, कीटोअ‍ॅसिडोसिस, इन्सुलिन कमी ठेवणाऱ्याला आधी गाठतं.

पुढच्या वेळी ग्राफ नको. ताटाचा फोटो, वहीचं पान आणि रविवारी सकाळचं वजन पाठव. डॉक्टरांची वेळ घेतलीस की फोन कर, मी दुपारी चारनंतर मोकळी असते. आणि आईला सांग, या वेळी चटणी एक किलो कुटा.

तुझी,
मावशी