वाचकांचे प्रश्न : सम्राटपद विकत मिळत होतं का?

प्रश्न : पाचव्या चार्ल्सनं पवित्र रोमन साम्राज्याचं सम्राटपद पैसे मोजून मिळवलं, असं वाचलं. पद वारसाहक्कानं मिळत नव्हतं का?

उत्तर : नव्हतं. पवित्र रोमन साम्राज्य म्हणजे मुख्यतः जर्मन संस्थानांचा समूह. चार्ल्सचे आजोबा, सम्राट मॅक्सिमिलियन जानेवारी १५१९मध्ये वारले, पण सम्राट निवडायचा हक्क सात निर्वाचकांचा : माइंझ, ट्रिअर व कोलोनचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा आणि पॅलॅटिनेट, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्गचे अधिपती. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिसही रिंगणात असल्यानं मतांचे भाव चढले. (सॅक्सनीच्या फ्रेडरिकनं मात्र स्वतःसाठी पैसे घेतले नाहीत.)

चार्ल्सचा एकूण खर्च ८,५१,९१८ फ्लोरिन (सोन्याची नाणी). त्यातले ५,४३,५८५ जर्मनीतल्या औग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर याचे, १,४३,३३३ वेल्सर या सावकार घराण्याचे, उरलेले इटालियन सावकारांचे. खरी मेख हुंडीत, म्हणजे ठरल्या वेळी पैसे देण्याच्या लेखी हमीपत्रांत होती. ती वटणार निवडणुकीनंतर, तेही चार्ल्स निवडून आला तरच. त्यामुळे रक्कम घेऊन ऐनवेळी फिरण्याची सोयच उरली नाही. २८ जून १५१९ रोजी फ्रँकफुर्टमध्ये चार्ल्स एकमतानं निवडला गेला.

फेड मात्र रखडली. १५२३मध्ये फुगरनं सम्राटालाच पत्र लिहून सुनावलं, की माझ्या मदतीविना हा मुकुट आपल्याला मिळाला नसता! तगाद्याची ही भाषा सम्राटानं निमूट ऐकली, कारण पुढचं कर्जही तिथूनच यायचं होतं. अखेर चार्ल्स राजा असलेल्या स्पेनमधल्या लष्करी धर्मसंघांच्या (धर्मासाठी लढणाऱ्या सरदारांच्या संघटनांच्या) जमिनींचं उत्पन्न फुगरांना मक्त्यानं मिळालं, त्यातच अल्मादेनची पाऱ्याची खाणही आली.