आक्षेप कुणी लिहिला, ते आधी शोध

सोलापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. सरकार दुसऱ्या देशांना जी मदत देतं तिच्यावर संसद कशी नजर ठेवते आणि त्या कामात मंत्री कसे वागतात, हा विषय तू घेतलास याचा मला मनापासून आनंद झाला. पण ब्रिटनवरचं पहिलं प्रकरण तू प्रीती पटेल यांच्या राजीनाम्यापासून सुरू केलं आहेस. ते बदल, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

घटना मोठीच आहे, ती गाळू नकोस. ऑगस्ट २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय विकासमंत्री असताना पटेल खाजगी सुट्टीवर इस्रायलला गेल्या आणि तिथे पंतप्रधान नेतान्याहू यांच्यासह अनेकांना भेटल्या. परराष्ट्र खात्याला रीतसर कळवलेलं नव्हतं. परत आल्यावर इस्रायलच्या ताब्यातल्या गोलान भागातल्या इस्रायली लष्कराच्या रुग्णालयांना ब्रिटिश मदतनिधीतून पैसे देता येतील का, याची त्यांनी आपल्या खात्यात चौकशी केली. ८ नोव्हेंबरला राजीनामा झाला. वर्तमानपत्रांनी भेटीगाठी रंगवून सांगितल्या. तुझ्या कामाची गोष्ट मात्र शेवटची आहे: मंत्र्याच्या खाजगी ओळखी आणि मदतीचा पैसा यांची गाठ पडू लागली होती. राजीनामा झाला की लोकांना वाटतं हिशेब चुकता झाला, आणि मग त्या पैशाबद्दल कुणी विचारत नाही.

मी आयुष्यभर नगरपालिका आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासली. नस्ती हातात आली की मी आधी मंजुरीची सही बघत नसे. सहीच्या वरची टिपणी बघायचो. खालच्या माणसाने 'हे नियमात बसत नाही' असं कुठे लिहिलंय का, आणि लिहिलं असेल तर वरच्याने त्याला काय उत्तर दिलं? बहुतेक वेळा सगळं प्रकरण त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत असतं.

म्हणून तुझं पहिलं प्रकरण पेरगाऊ धरणाचं असू दे. मलेशियातल्या केलांतान राज्यातला हा जलविद्युत प्रकल्प. १९८८मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी मलेशियाशी शस्त्रविक्रीचा जो प्राथमिक करार केला त्यात मदतीची रक्कम शस्त्रांच्या खरेदीशी जोडली गेली होती. पुढच्या वर्षी पंतप्रधान थॅचर यांनी धरणासाठी तोंडी शब्द दिला आणि त्यानंतर लगेचच खर्चाचा आकडा फुगला. खात्याच्या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं होतं की वीज हवी असेल तर गॅसवरची केंद्रं स्वस्त पडतील. मदत खात्याचे सचिव टिम लँकेस्टर हे त्या खर्चाला व्यक्तिशः जबाबदार अधिकारी होते. हा पैसा योग्य ठिकाणी जात नाही, असं त्यांनी १९९१मध्ये लेखी कळवलं. ब्रिटनच्या पद्धतीत असा आक्षेप आल्यावर मंत्र्याला खर्च करायचाच असेल, तर 'माझ्या जबाबदारीवर करा' असा लेखी आदेश द्यावा लागतो. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो दिला. २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत मार्गी लागली.

पुढे काय झालं ते क्रमाने बघ. त्या लेखी आदेशाची खबर लेखापरीक्षकांपर्यंत गेली आणि १९९३मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाचा अहवाल आला. १९९४मध्ये लोकलेखा समिती आणि परराष्ट्र व्यवहार समिती अशा दोन समित्यांनी साक्षी घेतल्या. त्यातून जे उघड झालं त्याच्या जोरावर 'वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट' ही संस्था न्यायालयात गेली. नोव्हेंबर १९९४मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी मदतीच्या १९८०च्या कायद्याने दिलेला अधिकार विकासासाठी आहे आणि हा खर्च त्यात बसत नाही. मंत्र्यांचा निर्णय बेकायदेशीर ठरला. हर्ड यांनी राजीनामा दिला नाही, तरी त्या प्रकरणाची आठवण पुढच्या कायद्यापर्यंत पोचली: २००२च्या कायद्याने मदतीचा हेतू गरिबी कमी करणं हाच असला पाहिजे, असं बांधून टाकलं. एका अधिकाऱ्याने वेळेवर लिहिलेला कागद इतका लांब चालत गेला. तो कागद नसता तर समितीच्या हाती विचारायला धड प्रश्नही आला नसता.

आता तुझ्या प्रास्ताविकात मला जे कुठेच सापडलं नाही ते लिहितो. आपल्याकडे चार-पाच दिवस नळाला पाणी आलं नाही तर पेठेतल्या बाया घागरी घेऊन नगरसेवकाच्या दारात जातात, कारण त्याला मत त्यांनी दिलेलं असतं. परदेशी मदतीत हे दारच नाही. ज्याच्या गावात धरण होतं तो त्या मंत्र्याचा मतदार नसतो आणि ज्याचा कर खर्च होतो त्याला ते धरण कधी दिसत नाही. दोन्हीकडून तक्रार येण्याची वाट बंद, म्हणून संसदेच्या समितीवर इथे जास्त भार पडतो. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास समितीने २०१८मध्ये मदतसंस्थांमधल्या लैंगिक शोषणाची चौकशी केली. संस्थांची बेफिकिरी जवळजवळ सामील असण्याच्या हद्दीला गेली होती, असा ठपका तिने ठेवला. हैतीसारख्या देशातल्या पीडित बाईचं म्हणणं लंडनमध्ये कुणीतरी विचारायला हवं होतं. ते विचारलं जायला किती उशीर झाला, यावर दोन पानं लिही.

आपल्या गावात हा विषय जरा नाजूक आहे, हेही मनात ठेव. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांची सेवा केली आणि १९४२मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. सोलापूरकराच्या मनात परक्या देशाला मदत म्हटलं की त्यांचं चित्र उभं राहतं, आणि मदतीचा हिशेब मागणारा माणूस कद्रू वाटू लागतो. तुझ्या तोंडी परीक्षेतही कुणी असं म्हणेल. तेव्हा ठामपणे सांग की कोटणीस स्वतः गेले होते, त्यांनी स्वतःचं आयुष्य दिलं. मंत्री दुसऱ्याचा पैसा देतो. म्हणून त्याने हिशेब द्यायचा असतो.

भारताच्या भागासाठी कागद कुठे आहेत ते सांगतो. परराष्ट्र खात्यात २०१२पासून विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग आहे. नेपाळ, मालदीव, म्यानमार इथली कामं त्याच्या कक्षेत येतात. आपल्या अनुदानातला सर्वांत मोठा वाटा भूतानकडे जातो. संसदेची परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती, लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य असलेली, दरवर्षी खात्याच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासते. बैठका बंद दाराआड होतात आणि साक्षीला बहुधा सचिव व अधिकारी येतात, त्यामुळे ब्रिटनसारखी मंत्र्याची थेट उलटतपासणी तुला इथे मिळणार नाही. हा फरक सौम्य शब्दांत झाकू नकोस. माझ्या मते ती आपल्या पद्धतीतली खरी उणीव आहे.

तरी अहवाल छापले जातात. मूळ अहवालापेक्षा त्यानंतर येणारा कारवाई अहवाल, म्हणजे समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केलं ते सांगणारा, आधी उघड. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी असतात, ते भराभर चाळ. चौथ्यात समितीने न स्वीकारलेली उत्तरं असतात आणि पाचव्यात अंतिम उत्तर अजून न आलेल्या शिफारशी. तुझा प्रबंध या दोन प्रकरणांत आहे. एकच शिफारस वर्षानुवर्षं तिथे परत येताना दिसली की तिच्याभोवती खूण कर.

उदाहरण म्हणून म्यानमारमधला कलादान प्रकल्प घे, भारताच्या पैशाने होणारा बंदर आणि रस्त्याचा. करार २००८चा, सित्वे बंदर सुरू झालं २०२३मध्ये आणि रस्ता रखडलेलाच. तिथल्या लढाईमुळे उशीर झाला हे खरं. पण लढाईच्या आधीची वर्षं कुठे गेली, ते त्या अहवालांत वर्षवार लावून बघ. सोबत सरकारी आश्वासन समितीचेही अहवाल ने. मंत्र्याने सभागृहात 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असं उत्तर दिलं की ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. किती पुरी झाली आणि किती सोडून द्या म्हणून खात्यानेच विनंती केली, याची यादी तू केलीस तर मंत्र्यांच्या वर्तनाबद्दल त्यातून पटेल यांच्या प्रकरणाहून जास्त कळेल.

आणि मराठीत लिही. विभागात इंग्रजीचा आग्रह धरतील, तर एक प्रत त्यांना इंग्रजीत दे, पण मराठी आधी. कर इथला माणूसही भरतो.

पुढच्या रविवारी कारवाई अहवालांच्या छापील प्रती घेऊन ये. चौथं प्रकरण आपण दोघं मिळून ओळीओळीने वाचू. समितीचा आक्षेप डावीकडे, खात्याचं उत्तर उजवीकडे, असा तक्ता आखून ठेवतो.

तुझा,
काका