जन्माच्या वेळी वजन कमी असलेलं मूल पुढेही बारीकच राहतं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगा पूर्ण दिवसांचा, पण जन्मतः २.२ किलोचा. पहिल्या वाढदिवसाला ८.४, आता तीन वर्षं पूर्ण आणि वजन १२.४. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा १५ किलोचा. सासूबाई म्हणतात, ‘मुळातच कमी भरला, आता हा असाच काटकुळा राहणार.’ कुणीतरी वजन वाढवायची पावडर सुचवली आहे. आणि दुसऱ्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करावं, हेही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून सव्वीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले. एका बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, वीस-बावीस अंगणवाड्या, दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन आणि प्रत्येकाचा वाढीचा तक्ता. तेवढ्या तक्त्यांवरून डोळा फिरला की काही गोष्टी आपोआप दिसायला लागतात.

संबंध आहे, पण सासूबाई समजतात तेवढा घट्ट नाही. शंभर मुलं घेतली तर जन्मतः जड असलेली सरासरीने पुढेही थोडी उंच आणि वजनदार निघतात. एका मुलाबद्दल मात्र यावरून काहीच छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या घरचंच बघा. लेक २.१ किलोची झाली, तिला घरी आणायला लोक घाबरत होते. पोरगा ३.६ चा, सगळ्या आळीत कौतुक. पाचव्या वाढदिवसाला लेक होती १७.८ आणि पोरगा त्याच्या पाचव्याला १६.५. पोराने काही गमावलं नव्हतं. तो फक्त आपल्या जागी उतरला. त्याचे वडील आणि आजोबा दोघंही सडपातळ.

जन्माचं वजन बाळाइतकंच आईबद्दलही बोलत असतं. तिची उंची, तिचं स्वतःचं वजन, रक्तदाब, वारेतून किती रक्त गेलं, पोटात जागा किती होती, हे सगळं त्या एका आकड्यात येतं. इंग्लंडात १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर जातीचे थोराड घोडे आणि शेटलँडची बुटकी तट्टं यांचा संकर केला. दोन्हीकडे आईबापांच्या जाती त्याच, फक्त आई कुठली ते उलटसुलट. थोराड घोडीच्या पोटची शिंगरं जन्मतः बुटक्या घोडीच्या शिंगरांच्या जवळपास तिप्पट वजनाची निघाली. पुढे वाढताना हे अंतर बरंच कमी झालं, पण पूर्ण पुसलं गेलं नाही. माणसाचंही साधारण तसंच आहे. पोटात आई लगाम धरते आणि बाहेर आल्यावर मूल आपल्या चालीने चालायला लागतं. ही चाल लागायला साधारण दोन वर्षं जातात. म्हणूनच जन्माच्या लांबीवरून मोठेपणची उंची फारशी सांगता येत नाही, दोन वर्षांच्या उंचीवरून मात्र बऱ्यापैकी सांगता येते.

आता तुमच्या मुलाचे आकडे माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यावर मांडू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेल्या मापांवर हे तक्ते आहेत. ती मापं ठरवताना सहा देशांतली मुलं मोजली होती, त्यांत दिल्लीचीही होती, त्यामुळे ‘ही गोऱ्यांची मापं’ असं म्हणायची सोय नाही. तक्त्यावरचा हिरवा पट्टा म्हणजे वयाच्या मानाने ठीक वजन. त्यात मुलाचं जन्माचं मधलं वजन ३.३ आणि हिरव्या पट्ट्याची खालची कड २.५. तुमचा २.२ म्हणजे कडेच्या खाली. वर्षाला ही कड ७.७ वर असते, तो ८.४. तीन वर्षांना ११.३ वर, तो १२.४. म्हणजे पट्ट्याबाहेर जन्मलेलं पोर वर्षाच्या आत हिरव्यात आलं आणि तिथेच टिकून आहे. माझ्या एखाद्या सेविकेने हा तक्ता पुढे ठेवला असता तर मी सही करून पुढच्या पानावर गेले असते.

‘वर्षात जन्माच्या तिप्पट’ हे सगळ्यांना पाठ असतं. ते साधारण तीन किलोच्या बाळासाठी ठीक. तुमच्या मुलाचं तिप्पट म्हणजे ६.६, आणि ते वर्षाला अगदीच कमी पडलं असतं. तो जवळजवळ चौपट झाला. माझा पोरगा वर्षाला ९.४ होता, तिप्पटही नाही, आणि माझ्या आईने ‘दूध अंगी लागत नाही’ म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लं. लहान जन्मलेली बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आत वर चढून येतात, मोठी जन्मलेली काही खाली उतरतात. दोन्ही चाली बरोबर आहेत.

(अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशेब वेगळा. पस्तिसाव्या आठवड्यातलं २.२ आणि चाळिसाव्यातलं २.२ ही एक गोष्ट नाही. त्यांचं वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. तुमचं तसं नाही, म्हणून सोडते.)

आणखी एक. वर्षानंतर मुलांचं बाळसं उतरतं. पाच-सहा वर्षांपर्यंत उंची भराभर वाढते आणि त्या मानाने मूल बारीक दिसत जातं. तीन-चार वर्षांच्या पोरांच्या बरगड्या दिसल्या की आज्या हळहळतात, पण या वयात ते बरोबर असतं. उलट हे बारीक होणं लवकर थांबून चौथ्या वर्षीच मूल भरायला लागलं, तर पुढे लठ्ठपणाकडे कल जास्त.

इथे पावडरीचा विषय येतो, आणि तिथे मी जरा कडक बोलणार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांची इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी तुलना केली. आपली सरासरी २.७ किलो, त्यांची ३.५. लहान होतं सगळंच, पण सारखं लहान नव्हतं. पोटाचा घेर आणि स्नायू फार कमी, पाठीवरची त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीवालं. अशा मुलात तुम्ही भराभर किलो ओतले तर ते स्नायूत कमी आणि चरबीत जास्त जायची भीती. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा तिशीपर्यंत पाठपुरावा झालाय. ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह झाला किंवा साखर त्या वाटेवर दिसली, ती मुलं दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि दोन ते बारा या वयात वेगाने भरत गेली होती. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं कुणीही लठ्ठ नव्हतं, म्हणून तेव्हा कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

म्हणून पावडर नको. तो हिरव्यात आहे, त्याला शेजारच्या पोराच्या १५ पर्यंत ढकलायचं काही कारण नाही. वरणभातावर तूप, अंडं चालत असेल तर अंडं, शेंगदाण्याची चटणी, दूध, उसळ, आणि दिवसभर उंडारणं. बिस्किटाचा पुडा हा खाऊ नाही, ती भूक मारायची युक्ती आहे.

मोठ्या बाळांबद्दल थोडक्यात, कारण ४ किलोचं बाळ झालं की लोक पेढे वाटतात. आईला गरोदरपणात साखर असेल तर बाळ जड होतं, आणि अशा मुलांत पुढे वजन वाढण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतल्या पिमा आदिवासींमध्ये तर सख्खी भावंडं तपासली: आईला मधुमेह होण्याआधी झालेल्या मुलापेक्षा नंतर झालेलं मूल पुढे जास्त जाड निघालं. आईबाप तेच, फरक फक्त पोटातल्या साखरेचा.

तुम्ही दिलेल्या माहितीत उंची नाही. ती मोजा. नुसत्या वजनावरून मूल बारीक आहे की बुटकं, हे कळत नाही. दर तीन महिन्यांनी एकाच काट्यावर, चपला आणि जाड कपडे काढून वजन घ्या. आमच्याकडे लटकत्या काट्यावर पोरं अशी हातपाय झाडायची की दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे सहज व्हायचे, त्यामुळे एका महिन्याच्या आकड्यावर रडू नका. तक्त्यावरची वजनाची रेघ दोन-तीन वेळा आडवी गेली, खाली वळली, किंवा वारंवार जुलाब-खोकला चालू असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जा.

दुसऱ्या वेळेचं. पुण्याच्या त्याच अभ्यासात असं दिसलं की आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध तिच्या ताटात किती वेळा आलं, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध होता. शेतातली आणि पाणी भरायची कष्टाची कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळंही लहान होती. तेव्हा दिवस राहायच्या आधीच रक्त तपासून घ्या, लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचं विचारा, दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर ठेवा. हंडे दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या, आणि मेथी निवडायचं काम सासूबाईंकडे द्या. काळजी त्यांनाही आहेच.