खोडापाशी बस

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

भूछत्रं आणि स्लाइम मोल्ड गोळा करायचे तर आषाढातल्या झोडपणाऱ्या पावसात ताम्हिणी घाटात धावू नकोस. भूछत्रं मिळतील, पण स्लाइम मोल्डची, म्हणजे कुजक्या लाकडावरच्या बुरशीसारख्या दिसणाऱ्या चिकट जिवांची, नाजूक फळं (बीजाणू धरणारे भाग) तेव्हा धुऊन जातात. श्रावणात दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की जा. तिथल्या अभयारण्यातून नमुने आणायचे तर वनखात्याची परवानगी आधी.

वाटेनं चालत शोधलंस तर भूछत्रंच दिसतील. सावलीतलं, बोटानं दाबलं तर आत जाणारं पडकं खोड गाठ आणि अर्धा तास तिथंच बस. ते काठीनं उलट, हातानं नको; खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. पाहून झालं की होतं तसं ठेव. सालीच्या फटी, पालापाचोळा दहा पटीच्या भिंगातून बघ. बरीचशी फळं १ ते ५ मिलिमीटरचीच. तपकिरी केसांचा उभा झुपका म्हणजे स्टेमोनायटिस हा स्लाइम मोल्ड. गुलाबी गोळ्या, फोडल्यावर आत लगदा, म्हणजे दुसरा स्लाइम मोल्ड, कोवळी लायकोगाला. पिवळी ओली जाळी मात्र प्लाझ्मोडियम, म्हणजे फळं धरण्याआधीची सरपटणारी अवस्था. त्यावरून जात ठरत नाही, फळं धरेपर्यंत थांबावं लागतं. हे जीव बुरशीचे नव्हेत, अमीबाचे भाऊबंद.

नमुना लाकडाच्या कपच्यासकट काप, काडेपेटीच्या खणात फेविकॉलनं चिकटव आणि उघडाच सावलीत वाळव. ओला बंद केलास की त्यावर बुरशी चढते. तारीख, जागा, कशावर उगवलं हे पेन्सिलीनं लिही, शाई फुटते.

भूछत्र उपटू नकोस, बुडाखालून खण; देठाच्या तळाची वाटी जमिनीतच राहिली तर अमानिटा (या गटात जीवघेणी विषारी भूछत्रं आहेत) कशावरून ओळखणार? प्लास्टिकमध्ये ते सडतं, बटर पेपरमध्ये गुंडाळ. टोपी रात्रभर अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर वाटीखाली ठेव, बीजाणूंचा रंग उमटेल. चव घ्यायची नाही. काही अमानिटांचं विष सहा तास उलटून गेल्यावर कळतं.

खरं तर स्लाइम मोल्डचं निम्मं काम पुण्यात घरबसल्या होतं, आणि नवखे नेमकं तेच टाळतात. सोसायटीतल्या आंब्याची सुटलेली साल घे. पेट्री डिशमध्ये (झाकणाच्या उथळ बशीत) टिपकागदावर एका थरात पसर, डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर भिजव, मग उरलेलं पाणी ओतून दे. साचलेल्या पाण्यात काही येत नाही. झाकण लावून उन्हापासून दूर ठेव, सुकू देऊ नकोस. आधी पांढरी बुरशी येईल, वैतागून डिश फेकू नकोस. दुसऱ्या दिवसापासून भिंगाखाली बघत राहा. काही जाती महिना-दोन महिन्यांनीही उगवतात.