भाच्याने साइट करून दिली, पण गूगलवर दिसतच नाही

यावेळी एसईओवरचेच (म्हणजे गूगलच्या शोधात आपली साइट वर यावी म्हणून करायचं काम) प्रश्न एवढे आलेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकात ढकललंय. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातला एकेकच घेतलाय.

प्रश्न: ताई, देवगडला आमची हापूसची बाग आहे. भाच्याने वर्डप्रेसवर साइट करून दिली, लिंक सोबत पाठवतोय. बागेचं नाव टाकून शोधलं तरी गूगलवर येत नाही. भाचा म्हणतो मामा थांबा, गूगलला वेळ लागतो. सीझन तोंडावर आलाय, किती थांबायचं?

उत्तर: दादा, थांबू नका. नव्या साइटला वर यायला वेळ लागतो हे खरंय, पण मागे असणं वेगळं आणि मुळात गूगलकडे नसणंच वेगळं. आधी एवढं करून बघा, सर्च बॉक्समध्ये साइट हा शब्द इंग्रजीत टाका, पुढे कोलन, आणि मधे जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता. पानं आली तर ठीक, काहीच आलं नाही तर बहुतेक गूगलने साइट घेतलेलीच नाही आणि मग पुढच्या आंब्यापर्यंत थांबलात तरी तेच. माझा पहिला संशय वर्डप्रेसच्या (ज्या सॉफ्टवेअरवर तुमची साइट बनलीय त्याच्या) एका टिकवर आहे. सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे, तिथे सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नये, अशा अर्थाचा चौकोन असतो. साइट अर्धवट असताना तिथे टिक करतात आणि नंतर ती काढायची राहून जाते. ती असेल तर काढा, मग सर्च कन्सोलमध्ये (गूगलचंच आहे, फुकट) साइट तुमचीच आहे हे व्हेरिफाय करून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. तिथल्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये एकेक पान टाकलं की ते इंडेक्समध्ये आहे का, नसेल तर का नाही, सगळं कळतं. आणि हे अकाउंट तुमच्या जीमेलवर उघडा, भाच्याच्या नको, तो उद्या नोकरीला पुण्याला गेला की तुम्ही पासवर्ड शोधत बसाल.

आता साइटबद्दल. मी लिंक उघडून पाहिली, भाव, पेटी, फोन नंबर सगळं एका पोस्टरमध्ये आहे, म्हणजे फोटोतच लिहिलेलं. दिसायला झकास आहे पण फोटोतल्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका, तीच माहिती खाली टाईप करून द्या. गिऱ्हाईक काय शोधतं? देवगड हापूस पेटी भाव, हापूस घरपोच पुणे, कोणी अल्फान्सो मँगो ऑनलाइन. त्याला हवं असतं ते सांगा ना, पेटीत किती डझन, कच्चा पाठवता की पिकवून, आंबा खराब निघाला तर काय करता. पानाचं टायटल सध्या नुसतं 'होम' आहे, त्याजागी 'देवगड हापूस थेट बागेतून, पुणे-मुंबई घरपोच' असं काहीतरी हवं. हापूसला 2018 मध्ये जीआय (ठराविक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारं भौगोलिक मानांकन) मिळालंय, तुम्ही त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर तेही लिहा, खोट्या देवगडला कंटाळलेली माणसं नेमकं हेच बघतात. आणि एक, सीझन संपला की पान उडवू नका. 'यंदाची विक्री बंद' लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर नवा भाव टाका, दरवर्षी नवं पान काढलं की दरवर्षी शून्यातून सुरुवात.

प्रश्न: कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान आहे. एका एजन्सीचा फोन आला, 30 दिवसांत गूगलवर पहिला नंबर, गॅरंटी, वर 500 बॅकलिंक, सगळे मिळून 18 हजार. देऊ का?

उत्तर: नका देऊ. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. तरी हे लोक गॅरंटी कशी देतात माहितीये? जो शब्द कोणी शोधतच नाही तो निवडायचा, तुमच्या दुकानाचं पूर्ण नाव आणि पुढे गल्ली वगैरे, त्यावर पहिले आलात की स्क्रीनशॉट पाठवायचा. काम झालं! म्हणून फोन आला की आधी विचारा, कोणत्या शब्दावर पहिला नंबर, आणि तो शब्द महिन्याला किती लोक शोधतात.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक, आणि हे प्रकरण जुनं आहे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिनने 1998 मध्ये गूगल काढलं तेव्हा त्यांची मुख्य कल्पनाच ही होती की एका साइटने दुसरीला लिंक दिली म्हणजे एक मत दिलं, आणि मत देणारा वजनदार असेल तर त्या मताला वजन जास्त. आता मतं म्हटली की ती विकत घेणारे आलेच, ते आपल्याला काय सांगायला हवं. लिंक विकायचा धंदाच सुरू झाला आणि एप्रिल 2012 मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा अपडेट (क्रम लावायच्या पद्धतीतला बदल) आणून अशा साइट्स धडाधड खाली ढकलल्या. आजही रँकिंगसाठी पैसे देऊन लिंक घेणं गूगलच्या नियमात स्पॅममध्येच मोडतं. आणि मोठ्यांना माफी असते असंही नाही, 2006 मध्ये गूगलला एक आणि माणसाला दुसरंच पान दाखवलं म्हणून बीएमडब्ल्यूची जर्मनीतली साइट गूगलने चक्क काढून टाकली होती, मग त्यांनी ती पानं हटवली तेव्हा परत घेतली.

खऱ्या लिंक कशा मिळतात ते सांगते. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि किती गदारोळ झाला आठवतंय ना? त्यावेळी तुमच्या साइटवर चामडं कापण्यापासून वेणी घालेपर्यंत सगळं फोटोसकट दाखवणारं एक पान असतं तर त्यावर लिहिणाऱ्या कोणीतरी आपणहून लिंक दिली असती. ते 18 हजार एखाद्या चांगल्या फोटोग्राफरला द्या आणि कारागिराला सोबत बसवून ते पान करून घ्या.

प्रश्न: साइटच्या मेटा कीवर्डमध्ये जास्तीत जास्त किती शब्द टाकावेत?

उत्तर: शून्य. मेटा कीवर्ड म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेली शब्दांची यादी, गूगल रँकिंगसाठी ती बघतच नाही, हे त्यांनी सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलंय. तेवढा वेळ टायटलवर घालवा.

प्रश्न: आमच्या मंडळाचे जुने दिवाळी अंक श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले आहेत. तोच मजकूर साइटवर टाकला, आमच्या कॉम्प्युटरवर छान दिसतो, पण गूगलवर एकही कथा सापडत नाही. काही अंकांचे तर फक्त स्कॅन आहेत.

उत्तर: तो मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त वरून देवनागरी रूप चढवतो. गूगलला तो फॉन्ट दिसत नाही, आतला कचरा दिसतो. सगळं यूनिकोडमध्ये (ज्यात देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवलं जातं) आणा, कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात त्यामुळे कन्व्हर्ट झाल्यावर कोणीतरी प्रूफ वाचायलाच हवं, मंडळात निवृत्त मास्तर असतीलच की. स्कॅन असतील तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, अक्षरं ओळखून मजकूर काढून देतं, तोही तपासायचा. अख्खा अंक एका पीडीएफमध्ये कोंबू नका, प्रत्येक कथेला स्वतंत्र पान द्या, टायटलमध्ये कथेचं नाव, लेखकाचं नाव आणि वर्ष. आणि हो, लेखकांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतलीत ना?

प्रश्न: मालवणला होमस्टे आहे, चार खोल्या. मुलगा म्हणतो एआयकडून 200 लेख लिहून घेऊ आणि साइटवर टाकू. टाकावेत का?

उत्तर: मुलाला म्हणावं राहू दे. रँकिंगसाठी ढीगभर लेख पाडणं, मग माणसाने पाडो की मशीनने, हे मार्च 2024 पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमात आहे. एआय वापरायला बंदी नाहीये, पण 'मालवणमधली 10 सुंदर ठिकाणं' हजार जणांनी आधीच लिहिलंय, तुमचं कोण वाचणार?

चार खोल्यांसाठी साइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट करा, फुकट आहे. मॅपवर कोणाला वर दाखवायचं हे गूगल तीन गोष्टींवरून ठरवतं, शोधलेल्याशी तुमचा मेळ, अंतर आणि तुमची ख्याती. अंतर काही तुमच्या हातात नाही, बाकी दोन आहेत. प्रकार बरोबर निवडा, नावात 'बेस्ट स्वस्त बीच' असलं काही घुसडू नका, खोल्यांचे आणि जेवणाच्या ताटाचे खरे फोटो टाका. पाहुणे निघताना रिव्ह्यू मागा, पण त्याच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, ते नियमाबाहेर आहे. वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका, दोन ओळीत उत्तर द्या. पावसाळ्यात बंद ठेवत असाल तर तसं तिथे लावा, भर जुलैत कोणीतरी बॅगा घेऊन दारात उभं राहिलं तर रिव्ह्यूमध्ये एकच स्टार पडेल.